परचुऱ्यांच्या गाडीचा पत्रा

“मार टिचकी,” आप्पा म्हणाले.

सांगलीतल्या त्या दुकानात शेटजींच्या माणसानं ॲल्युमिनियमचा एक अख्खा पत्रा भिंतीला टेकवून उभा केला होता, आणि सत्तरी ओलांडलेले माझे वडील त्याच्यापुढे डोळे मिटून उभे होते. पत्र्याची कड त्यांनी कपाळाला लावली होती. देवळाच्या उंबऱ्याला लावतात तशी.

“मी मारू?” मी विचारलं.

उत्तर नाही. मी दंडाला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. “मार की. बघत काय ऱ्हायलीस?”

मी नखानं टिचकी मारली. पत्रा टण्ण वाजला. आप्पा कपाळ टेकून तसेच थांबले, मग मान हलवली. “ह्यो नगं. ह्यो भांड्याचा पत्रा. गाडीला लावला तर पावसाळ्याआधी फडफडंल. कडक माल दाव.”

“मिस्त्री, पत्रा गाडीला ठोकायचाय का देव्हाऱ्यात ठेवायचाय?” शेटजी गल्ल्यावरून हसत म्हणाले.

आप्पांची त्यांच्याकडे पाठ होती. ते काही बोललेच नाहीत. पूर्वीचे आप्पा असते तर शेटजींची बिनपाण्यानं हजामत केली असती आणि वर चहाही मागून घेतला असता. मला नवल वाटलं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर पत्रा घ्यायला यायची तेव्हा टिचकी ते स्वतः मारायचे आणि मान वाकडी करून कान लावायचे. आता हे कपाळ टेकणं नवीन होतं. म्हातारपणी माणूस देवाकडे वळतो म्हणतात. आमचे आप्पा वळले ते पत्र्यापाशी येऊन थांबले, असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि पुढच्या पत्र्याला टिचकी मारली.

तिसरा की चौथा पत्रा त्यांना पसंत पडला. त्याच जातीचे बाकीचे मोजून घेऊन, मध्ये वर्तमानपत्रं घालून आम्ही ते टेम्पोत चढवले. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला एकदा चरा पडला की तो जन्माचा पडतो.

आप्पा म्हणजे रंगनाथ मिस्त्री. कराडच्या अलीकडे हायवेला लागून त्यांची बॉडी बांधायची शेड होती. ट्रक, टेम्पो, दुधाच्या गाड्या, सगळ्यांना त्यांनी अंग दिलं. आता धंदा उतरला होता. हाताखालची माणसं एकेक करून निघून गेली होती, आणि अशा वेळी पुण्याचे परचुरे नावाचे एक निवृत्त गृहस्थ बायकोला घेऊन आले. त्यांनी गोव्यात कुणा गोऱ्या जोडप्यानं टाकून दिलेला एक ट्रेलर घेतला होता. जीपच्या मागं जोडायचा, आत झोपायला फळी, स्वयंपाकाला ओटा. उरलेलं आयुष्य दोघांनी त्यातून हिंडायचं ठरवलं होतं. फक्त ट्रेलरच्या अंगावर धड कातडं राहिलं नव्हतं. आप्पांनी काम घेतलं आणि धाकट्या हणमंतानं मला सांगलीला फोन केला.

“आक्का, तू ये. त्यांच्या हाताखाली आता कुणी टिकत नाही. हाक मारली तर ओ देत नाहीत, विचारलं तर भलतंच सांगतात. मी बँक सोडून शेडमध्ये बसू का?”

हणमंता वाईट नव्हता. त्याला शेड भाड्यानं टायरवाल्याला द्यायची होती आणि आप्पांनी घरी बसावं असं वाटत होतं. परवाच रस्ता ओलांडताना दुधाच्या टेम्पोखाली येता येता वाचले होते. ड्रायव्हर हॉर्न दाबून दाबून थकला आणि हे आपल्या तंद्रीत. बापलेकांत त्यावरून वाजलं. शेवटी आप्पा म्हणाले होते, “ह्या एका कामात कुणी येक खोट काढून दावली, तर शेडाची किल्ली माझ्या हातानं तुझ्या हातात दीन. तवर गप ऱ्हा.” ती किल्ली ते कमरेच्या करगोट्याला बांधत. आंघोळीलासुद्धा सुटायची नाही.

आमच्या घरात एक जुनी थट्टा होती. आप्पांना हवं तेवढंच ऐकू येतं. आईच म्हणायची, “पगाराचं बोललं की कान फुटतात, जेवणाचं बोललं की उघडतात.” हातोडीच्या धंद्यातली सगळीच माणसं मोठ्यानं बोलतात आणि कमी ऐकतात, त्यात कुणी काही वावगं पाहिलं नाही.

मी मात्र मदतीला म्हणून गेले नव्हते. मला आप्पांना एक गोष्ट विचारायची होती, आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत मी हलणार नव्हते.

आई गेली त्या दुपारी दवाखान्यात तिच्याजवळ फक्त आप्पा होते. मी सांगलीहून निघाले होते, पोचले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, “तुझी आई लई वेळ बोलत हुती गं, ह्यांचा हात धरून. डोळ्यांत पाणी हुतं.” मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, “काय न्हाई. असंच.” दहाव्याला विचारलं, वर्षश्राद्धाला विचारलं. असंच.

त्याच्या आधीच्या पंचमीला मी माहेरी आले होते आणि कसल्याशा फुटकळ बोलण्यावरून रुसून, झोका न खेळता, एक दिवस आधीच परत गेले होते. आई एसटीपर्यंत मागं आली होती. मी खिडकीतून बघितलं नाही. त्यानंतर ती मला जिवंत भेटली नाही. ती मरताना माझ्याविषयी काही बोलली का, चांगलं की वाईट, एवढंच मला हवं होतं. आणि ते ज्याच्यापाशी होतं तो माणूस दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसला होता.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी मधे बसले होते, आप्पा खिडकीशी. इंजिन कोकलत होतं. ते बाहेरच्या उसाकडे बघत होते.

“आप्पा,” मी म्हटलं, “आई शेवटी काय म्हणाली? मला खरं सांगा. वाईट असलं तरी सांगा.”

ते बाहेरच बघत राहिले. ड्रायव्हरनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. बऱ्याच वेळानं आप्पा वळले, माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, “ऊन चढलंय. पत्रं तापायच्या आत उतरवून घेतलं पायजेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असला दगड बाप देवानं कुणाला देऊ नये, असं मला तेव्हा वाटलं. घरी पोचेपर्यंत मी त्यांच्याशी शब्द बोलले नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रेलरचं जुनं कातडं सोलायला काढलं. आधीच्या कुणा शहाण्यानं ॲल्युमिनियमला लोखंडी स्क्रू मारले होते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की एकमेकांना खातात. प्रत्येक स्क्रूभोवती पत्र्याची पांढरी भुकटी झाली होती. बोट लावलं की झडायची.

“जोडी जुळवताना बघितलं न्हाई, दुसरं काय,” आप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले.

सांगाडा घासून, रंग मारून, त्यावर रबरी पट्टी चिकटवून आम्ही नवीन पत्रा चढवायला घेतला. मागून सुरुवात करायची आणि पुढं यायचं, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि गाडी पळताना वारा त्याच्या खाली शिरत नाही. हणमंता बँकेतून येताना पॉप रिबिटचं पिस्तूल घेऊन आला. एका माणसाचं काम, बाहेरून दाबलं की झालं.

“आक्कालाही मोकळं करा. ती काय तुमची बिगारी आहे?”

आप्पांनी ते पिस्तूल उलटसुलट करून बघितलं आणि त्याच्या हातात परत दिलं. “ही गाडी येका जागी उभी ऱ्हायाची न्हाई. हादरं बसून बसून ह्ये ढिलं पडतंय. मग पानी आत. परचुऱ्याची म्हातारी भिजंल.” आणि माझ्याकडे वळून, “जा आत.”

भरीव रिबिटाचं काम दोघांचं असतं. बाहेरचा भोकातून रिबिट घालतो आणि हातोडीनं हाणतो. आतला त्याच्या शेपटीवर मुठीएवढा लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. त्याला आम्ही डॉली म्हणतो. बाहेरचा घाव आणि आतलं वजन यांच्यामध्ये शेपटी चेपून पसरते आणि पत्रा जन्माचा धरला जातो. दोघांच्या मध्ये पत्रा असल्यामुळं कुणाला कुणी दिसत नाही. म्हणून बोलणं ठोक्यांचं. आतल्यानं डॉलीनं पत्र्यावर दोन ठोके दिले की मी तयार आहे, हाण. एक ठोका दिला की बसला, पुढं चल. तीन म्हणजे वाकडा बसला, काढ. वाकडा बसलेला रिबिट आप्पांनी कधी रंगाखाली दडवला नाही. ड्रिल मारून काढायचा आणि त्या जागी नवा घालायचा.

डॉली मी शाळेत असल्यापासून धरत होते. माझे दंड काटकुळे, अडचणीच्या सापटीत माझाच हात जायचा. हणमंतानं लहानपणी एकदा डॉली पायावर पाडून घेतली आणि जो रडत घरी गेला तो पुढं सरळ बँकेतच जाऊन बसला. ठोक्यांची ही भाषा त्याला कधी आलीच नाही.

आत अंधार आणि उकाडा. भोकाभोकांतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या, आणि एकेक रिबिट बसला की एकेक काडी विझायची. मी दोन ठोके द्यायची, आप्पा हाणायचे, मी एक ठोका द्यायची. दोन, घाव, एक. मनात राग धरून गेलेली मी, पण तासाभरात माझे हात त्यांच्या हातांशी बोलायला लागले. त्यांचा घाव पूर्वीसारखाच होता. ना कमी, ना जास्त. एकदाही ते चुकले नाहीत, एकदाही माझ्या ठोक्याआधी हातोडी पडली नाही. बाहेर आल्यावर आम्ही दोघं पुन्हा परके व्हायचो.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांना दिसत होती आणि डोक्यात शिरत नव्हती. आप्पा सकाळी आंघोळ करून ठसठशीत अष्टगंध लावून यायचे, आणि दुपारी जेवायला बसेपर्यंत कपाळ कोरं झालेलं असायचं. घामानं जात असेल, असं मी धरून चालले.

“गंध पुसलं की,” मी एकदा भाकरी वाढताना म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, कपाळावरून हात फिरवला आणि का कुणास ठाऊक, ओशाळले. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले.

त्या दिवशी मी पुन्हा विचारलं. या वेळी समोर बसून, त्यांच्या डोळ्यात बघून. “आईनं माझं नाव घेतलं होतं का, एवढं तरी सांगा.”

या खेपेला त्यांना पळायला जागा नव्हती. हातातला घास ताटात ठेवला. “घेतलं आसंल,” ते म्हणाले.

“असेल म्हणजे? तुम्ही होतात ना तिथं?”

“हुतो.”

“मग?”

ते ताटावरून उठले. हात धुतला आणि शेडच्या पलीकडच्या कडेला जाऊन हायवेकडे तोंड करून उभे राहिले. मी ताटं आपटत उचलली. माझी खात्री पटली की आई माझ्याविषयी काहीतरी असं बोलली होती जे सांगण्यासारखं नव्हतं. त्या रागात मी हणमंताला फोन केला आणि म्हटलं, “एवढं काम संपलं की घे किल्ली. माझं आता काही म्हणणं नाही.”

शेवटी वरची एकच ओळ उरली, छताच्या खालची. परचुरे दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते. आप्पा बाहेर स्टुलावर चढले आणि मी आत फळीवर गुडघे टेकून बसले. दुपारचं ऊन होतं. अर्धीअधिक ओळ झाली आणि एका रिबिटाच्या बुडाशी ड्रिलचा चुरा अडकलेला मला चमकताना दिसला. चुरा तसाच ठेवून रिबिट चेपला तर पत्रा नीट बसत नाही. मी डॉली जरा मागं घेतली आणि डाव्या हाताच्या बोटानं तो कोरायला लागले. ठोके मी दिले नव्हते.

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मग हणमंताचा. “आप्पा! अहो आप्पा!” दोन हाका, तीन हाका. नेहमीसारखी ओ नाही. मग त्यानं वैतागून हातातल्या स्कूटरच्या किल्लीनं ट्रेलरच्या अंगावर वाजवलं. टक टक.

हातोडी पडली.

रिबिट माझ्या बोटात शिरला आणि बोट डॉलीवर चेपलं. मी किंचाळले. सगळा ट्रेलर दणाणून जाईल एवढी किंचाळले. आणि हातोडी दुसऱ्यांदा पडली.

नंतरचं तुटक तुटक आठवतं. हणमंता ओरडत होता, स्टूल पडल्याचा आवाज आला. मी ओढणीत हात गुंडाळून दारातून बाहेर आले. ओढणी भराभर भिजत होती. हणमंतानं आप्पांचं मनगट धरून ठेवलं होतं, हातोडीसकट. आप्पा माझ्या हाताकडे बघत होते. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, काय झालं ते न कळलेल्या मुलासारखा.

“ओरडली ना ती!” हणमंता म्हणत होता. “ती ओरडली तरी परत हाणलंत! ऐकू येत नाही का तुम्हाला?”

आपल्याकडे हे सगळेच सगळ्यांना म्हणतात. हणमंताही उत्तर हवं म्हणून ते विचारत नव्हता.

मी मात्र ट्रेलरकडे बघितलं. इतके दिवस मी आत होते. बाहेरून, उन्हात, मी तो पत्रा नीट असा बघितलाच नव्हता. चकचकीत पत्र्यावर रिबिटांच्या ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीला लागून, रिबिटामागून रिबिट, केशरी डाग होते. कुठं ठसठशीत, कुठं घामानं पसरलेले. खालच्या ओळीला आप्पा गुडघ्यावर बसले असतील तिथं खाली, मधल्या ओळीला उभे राहिले असतील तिथं मधे. वरच्या ओळीपाशी, मघाच्या रिबिटाशेजारी, शेवटचा. अजून ओला.

अष्टगंधाचे डाग होते ते. प्रत्येक रिबिटाला त्यांनी पत्र्यावर कपाळ टेकलं होतं. माझे ठोके त्यांना कानानं येतच नव्हते, ते कपाळातून येत होते. सांगलीच्या दुकानात टिचकी मी का मारायची, टेम्पोत उसाकडे का बघत होते, दुधाच्या टेम्पोचा हॉर्न, तीन हाका. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. हणमंताची किल्ली वाजली तीही कपाळातूनच आली. टक टक. दोन ठोके. मी तयार आहे, हाण.

“आक्का, डॉक्टरकडे चल. बस स्कूटरवर,” हणमंता म्हणाला. मग थांबला. “पण हे काय झालं? तू ठोके दिले नसताना यांनी हाणलंच कसं? बास झालं आता, आप्पा. ही खोट नाही तर काय?”

आप्पा आमच्या तोंडांकडे बघत होते. एकदा त्याच्या, एकदा माझ्या. तेव्हा मला दिसलं की ते ओठ वाचत होते.

“दिले होते मी ठोके,” मी म्हणाले.

“काय?”

“दोन ठोके मीच दिले. चुरा दिसला म्हणून पुन्हा बोट घातलं, ते काढायचं राहून गेलं. माझी चूक आहे. त्यांच्या कामात काही खोट नाही.”

“आणि ओरडलीस ती?”

“दुसऱ्या घावानंतर ओरडले. घाई नको करूस, हणमंता. चल, हात ठणकतोय.”

हणमंतानं सुस्कारा टाकला आणि आप्पांचं मनगट सोडलं. माझं त्याला पटलं होतं. मी पण सुटले. किल्ली करगोट्यालाच राहणार होती. उद्या परचुरे येतील, मग आणखी कुणी येईल, आणि मी सांगलीहून येऊन डॉली धरेन, असं सगळं मी त्या एका क्षणात ठरवूनही टाकलं.

आप्पा हलले नाहीत. माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी हातोडी उचलली, ट्रेलरजवळ गेले आणि पत्र्यावर हलक्या हातानं ठोके दिले.

एक. दोन. तीन.

“हे काय आता?” हणमंतानं मला विचारलं.

आप्पाच माझ्याकडे बघून बोलले, नेहमीच्या त्या मोठ्या आवाजात. “वाकडा बसलाय, सिंधे. काढ त्यो.”

मला रडू फुटलं. बोटासाठी नव्हे.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. करगोट्याची गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला. कित्येक वर्षं ती सुटली नव्हती. शेवटी हिसडा देऊन ती तोडली आणि किल्ली हणमंताच्या हातात दिली.

“हिनं ठोकं दिलं न्हवतं. ती खोटं बोलली माझ्यापायी. मला ऐकू येत न्हाई, हणमंता. काय म्हंजे कायबी न्हाई.”

हणमंता किल्लीकडे बघत राहिला. मग त्यानं आपल्या दुसऱ्या हातातल्या स्कूटरच्या किल्लीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “कधीपासून?” त्यानं विचारलं. आप्पांचं लक्ष नव्हतं म्हणून त्यांच्यासमोर जाऊन, तोंड हलवून पुन्हा विचारलं. “आप्पा, कधीपासून?”

“हळूहळू गेलं. तुमची आई दवाखान्यात पडली तवा उरलंसुरलं गेलं.”

“मग सांगितलं का नाहीत? मशीन मिळतं कानाचं, डॉक्टर असतात, अहो...”

आप्पांनी त्याला हातानं थांबवलं आणि ते माझ्याकडे वळले. माझा गुंडाळलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या कपाळावर गंधाची एक पुसट रेघ उरली होती.

“कसं सांगू? सांगितलं असतं तर तू लगीच वळखलं असतंस. तू दोन वरसं मला इचारतीयास आई काय म्हनली. मी सांगितलं असतं गं. वाईट आसतं तरी सांगितलं आसतं. ती लई बोलली. माझा हात धरून बोलत हुती, रडत हुती, मधीच हसली बी. मी आपला हां हां म्हनत हुतो. तिला वाटलं मला समदं कळतंय. कशाकशाला हां म्हनलो, ते माझं मला ठावं न्हाई.”

मी त्यांच्यासमोर उभी होते. माझ्या ओठांवर त्यांना वाचता येईल असं काहीच नव्हतं.

“ओठांवरनं वळखायला मागनं शिकलो. पत्र्याला कपाळ लावायचं बी मागनंच सुचलं,” आप्पा म्हणाले. “त्या दिवशी सुचलं आसतं, तर तिच्या कपाळाला लावलं आसतं.”